उत्तरभागाचे इमान आणि समाधानाचे मूल्य

एखाद्या गाजलेल्या कृतीचा उत्तरभाग रसिकांची निराशा करतो आणि काही वर्षांनी त्याच परंपरेतील दुसरी कृती त्यांचे समाधान करते, तेव्हा या घटनाक्रमाचे वर्णन बहुधा नैतिक भाषेत केले जाते. पहिलीने विश्वासघात केला, दुसरीने इमान राखले, असे म्हटले जाते. ही भाषा समीक्षेने जशीच्या तशी स्वीकारावी काय, हा प्रश्न साहित्याप्रमाणेच संगणकीय खेळांच्या संदर्भातही उपस्थित होतो. किंबहुना तेथे तो अधिक उघडा पडतो, कारण खेळाची संहिता भोक्त्याच्या कृतीवाचून पूर्णच होत नाही.

'मास्टर ऑफ ओरायन' या खेळमालेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. 'सिमटेक्स' या अमेरिकन संस्थेने रचलेला पहिला खेळ १९९३ साली आला. एका ग्रहापासून आरंभ करून शोध, विस्तार, साधनसंपत्तीचा उपयोग आणि प्रतिस्पर्ध्यांचे निर्दालन या चार क्रियांच्या बळावर आकाशगंगेवर सत्ता मिळवायची, अशी त्याची रचना होती. या क्रियांवरून 'फोर-एक्स' ही प्रकारवाचक संज्ञा अ‍ॅलन एमरिच यांनी याच खेळाविषयी लिहिताना प्रचारात आणली. १९९६ चा दुसरा भाग या प्रकाराचा मानदंड ठरला. २००३ साली 'क्विकसिल्व्हर' या दुसऱ्या संस्थेने केलेला तिसरा भाग मात्र चाहत्यांनी जवळजवळ नाकारला. पुढे 'अटारी'च्या दिवाळखोरीनंतर २०१३ साली नावाचे हक्क 'वॉरगेमिंग'कडे गेले आणि अर्जेंटिनातील 'एनजीडी स्टुडिओज'ने २०१६ साली नवा खेळ सादर केला. तिसऱ्या भागातून वगळलेले बुलराथी आणि म्रशान हे वंश त्यात परतले. रचनाही दुसऱ्या भागाच्या वळणाची होती. काही कुरकुर राहिली, तरी आपला हरवलेला खेळ परत मिळाल्याचे समाधान अनेक जुन्या चाहत्यांना लाभले.

ज्या तिसऱ्या भागाला 'विश्वासघात' म्हटले गेले, त्यामागील कल्पना मात्र क्षुद्र नव्हती. साम्राज्य वाढते त्या प्रमाणात सम्राटाचे अवधान वाढत नाही, हे सत्तेविषयीचे एक मूलगामी निरीक्षण आहे. आधीच्या खेळांत सम्राट शेकडो ग्रहांवरील प्रत्येक कारखान्याकडे जातीने पाहतो. अशी सर्वव्यापी सत्ता इतिहासात कोणाही सम्राटाच्या वाट्याला आलेली नाही. आरंभी तिसऱ्या भागाच्या आकल्पनाची धुरा वाहणाऱ्या एमरिच यांनी म्हणून प्रत्येक फेरीत सम्राटाला मोजक्याच आज्ञा देता याव्यात आणि उर्वरित कारभार ग्रहोग्रहीच्या राज्यपालांनी चालवावा, अशी योजना केली होती. आज्ञांवरील ही मर्यादा खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच काढून टाकण्यात आली. राज्यपाल मात्र राहिले. परिणामी अवधानाच्या मर्यादेतून निर्माण होणारे निवडीचे दुःख उरले नाही, आणि खेळाडूने दिलेली आज्ञा राज्यपालाने परस्पर फिरवण्याचा मनस्ताप तेवढा उरला.

न. चिं. केळकरांच्या सविकल्प समाधीच्या कल्पनेचा येथे उपयोग होतो. स्वत्व न सोडता परक्याच्या भूमिकेत शिरणे, हा त्या समाधीचा गाभा. दुसऱ्या भागाचा खेळाडू सम्राट होतो आणि खेळाडूही राहतो. तिसऱ्या भागात त्याला सम्राटपण मिळत नाही, कारण त्याचा शब्द चालत नाही. आणि खेळाडूपणही उरत नाही, कारण 'पुढील फेरी'ची कळ दाबण्यापलीकडे त्याच्यावाचून फारसे काही अडत नाही. दोष असलाच तर तो येथे आहे. अपेक्षाभंग हे त्याचे नाव नव्हे.

अपेक्षाभंग हाच अपराध मानला तर दुसरा भागही अपराधी ठरेल. पहिल्या भागातील ग्रहाचा कारभार अवघ्या पाच प्रमाणपट्ट्या सरकवून चालत असे. दुसऱ्याने ती काटकसर मोडून इमारतीमागून इमारत उभारण्याचा तपशीलवार कारभार आणला. आज जिच्याशी 'इमान' राखण्याची मागणी होते ती परंपराच अशा एका बेइमानीतून घडली आहे. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त सीतेचे भूमिप्रवेशाने होणारे अंतिम निर्गमन टाळून पुनर्मीलन घडवले, त्याला रसिकांनी विश्वासघात म्हटले नाही. हे अंतर कशामुळे सह्य होते? त्या नाटकाने घेतलेले स्वातंत्र्य आपल्या करुणाच्या तर्काशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहते म्हणून, असे उत्तर देता येईल.

मग २०१६ च्या समाधानाचे मूल्य काय? अपेक्षांच्या क्षितिजाशी तंतोतंत जुळणारी कृती आस्वादाच्या नव्हे, भोजनाच्या कोटीत जाते, असा हान्स रॉबर्ट याऊस यांचा सुप्रसिद्ध आक्षेप आहे. तो येथे अंशतःच लागू पडतो आणि काहीसा तुच्छतादर्शकही आहे. हरवलेले परत मिळण्याची ओढ ही काही हीन भूक नव्हे. शिवाय समाधान देणारा हा खेळ वाटतो तितका एकनिष्ठही नाही. ताऱ्यांमधील प्रवास मुख्यतः ठरावीक मार्गांनी व्हावा आणि लढाई आळीपाळीने न होता वाहत्या काळात व्हावी, ही तिसऱ्या भागाची दोन्ही लक्षणे त्यात आढळतात. पहिल्या दोन भागांत ती नव्हती. नाकारलेल्या कृतीचे ऋण न सांगता घेतले गेले. चाहत्यांच्या कुरकुरीचा एक भाग नेमका याच लक्षणांविषयी होता, हेही नमूद करण्याजोगे आहे.

सम्राटाच्या अवधानाचा प्रश्न मात्र २०१६ च्या खेळाने हाती घेतला नाही. तो घेतला 'ओरायन'चे नाव न लावणाऱ्या एका खेळाने, आणि तोही सहा वर्षे आधी. 'कोड फोर्स'च्या 'डिस्टंट वर्ल्ड्स' (२०१०) मध्ये कर, संशोधन, वसाहती, आरमार यांपैकी कोणतेही खाते यंत्राच्या स्वाधीन करता येते आणि वाटेल तेव्हा परत घेता येते. साम्राज्याचा पसारा तेथे तिसऱ्या भागाहून मोठा आहे. एकट्या जहाजाची कप्तानी तेवढी स्वतःकडे ठेवून बाकी सारे साम्राज्य दैवासारखे आपल्या गतीने चालू देण्याची मुभाही खेळाडूला आहे. राज्यपाल तेथेही आहेत. त्यांना नेमणारा आणि दूर करणारा मात्र खेळाडूच आहे.