मौनाची मोजदाद

लोकांनी न निवडलेली सत्ता केवळ बंदुकीच्या धाकावर टिकते, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु प्रत्येक दाराशी कायमचा शिपाई उभा करणे कोणत्याही राजवटीला परवडत नाही. म्हणून आधुनिक हुकूमशहाला लोकांची संमती हवी असते. ती लाभली नाही, तर निदान तिचा देखावा तरी हवा असतो.

गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालचेच उदाहरण घेऊ. अर्थशास्त्राचे प्राध्यापक सालाझार 1928 साली अर्थमंत्री व 1932 साली पंतप्रधान झाले. देशाचा विस्कटलेला जमाखर्च त्यांनी जुळवून दाखविला. सुव्यवस्था हे त्यांच्या सत्तेचे पहिले समर्थन ठरले.

दुसरे समर्थन मतपेटीचे. 1933 साली नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्यात आले. विरोधी मते सुमारे सहा हजार पडली. जे मतदानाला आलेच नाहीत, त्यांची गणना मात्र संमती देणाऱ्यांत झाली! पुढेही निवडणुका होत राहिल्या. सोबतीला वृत्तपत्रांवर नियंत्रण आणि गुप्त पोलीस होतेच. 1958 साली जनरल देल्गादो यांनी अध्यक्षपदाची निवडणूक चुरशीची केली, तेव्हा पुढच्याच वर्षी अध्यक्ष निवडण्याचा जनतेचा थेट अधिकारच काढून घेण्यात आला.

तिसरे समर्थन धर्माचे. ‘देव, देश, कुटुंब’ हे ब्रीद गाजले. 1940 साली पोपपीठाशी करार झाला. आधीच्या प्रजासत्ताकाचा जाच सोसलेल्या ख्रिस्तसभेला हायसे वाटले असेल, तर ते समजण्याजोगे आहे. पण संरक्षणाच्या मोबदल्यात आपली नैतिक पत उसनी देता येते काय?

पोर्तोचे बिशप अंतोनियो फरेरा गोमिश यांना ते मान्य नव्हते. जनतेचे दैन्य आणि कॅथलिकांचे नागरी स्वातंत्र्य यांविषयी त्यांनी 1958 साली सालाझार यांना परखड पत्र लिहिले. 1959 साली त्यांना मायदेशी परतण्यास मज्जाव झाला. 1969 पर्यंत ते आपल्या धर्मप्रांताला पारखे राहिले. पुढे 25 एप्रिल 1974 रोजी लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथून टाकली.

एका पत्राने राजवट कोसळत नाही, हे खरे. तथापि त्या पत्रामुळे एक गोष्ट घडली : सर्वांच्या वतीने गृहीत धरलेल्या होकारातून एक नाव वजा झाले. मौन तटस्थ असते, अशी आपली समजूत असते. मोजदाद करणारा मात्र ते स्वतःच्याच पारड्यात टाकतो. जिथे अन्याय दिसतो, तिथे विवेकाने ‘नाही’ म्हणणे हे म्हणूनच केवळ धाडस नव्हे. ते सत्याशी राखलेले इमान आहे.