रांगेतल्या न्यायाचे माप

रांगेत उभ्या माणसाला दोन प्रश्न पडतात. माझा नंबर कधी लागणार? आणि तो माझ्या आधी कसा गेला? रांगांच्या गणिताने कित्येक दशके पहिल्याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. दुसऱ्याला आकड्यांत धरण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेशी जोडलेला आहे.

या शास्त्राचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये, फोन करणाऱ्यांच्या बेभरवशाच्या येण्यामागचे संभाव्यतेचे गणित मांडले. तिथे ग्राहक एकमेकांना दिसत नव्हते, त्यामुळे ‘हा मध्येच घुसला’ अशी तक्रारही नव्हती. कंपनीला जाणून घ्यायचे होते ते इतकेच, की लाइनी किती लागतील. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेले प्रसिद्ध सूत्रही याच वळणाचे आहे: व्यवस्थेतली सरासरी माणसे म्हणजे येण्याचा सरासरी वेग गुणिले सरासरी मुक्काम. कोण आधी आणि कोण नंतर, याला त्यात जागाच नाही.

पिस्कॅटवेतला तो प्रयत्न करणाऱ्यांपैकी एक, बेंजामिन अवि-इत्झाक, यांची सुरुवात याच परंपरेत झाली. इस्रायलच्या टेक्निऑनमध्ये असताना, सेवा देणारे यंत्रच मध्ये बंद पडले तर रांगेचे काय होते, यावर त्यांनी पिन्हास नाओर यांच्याबरोबर १९६३ मध्ये लेख लिहिला. १९६५ च्या लेखात त्यांनी ओळीने मांडलेल्या खिडक्यांचा विचार केला. प्रत्येक खिडकीला लागणारा वेळ ठरलेला असेल, तर खिडक्यांचा क्रम बदला किंवा मधली बसायची जागा वाढवा, ग्राहकाच्या एकूण मुक्कामात फरक पडत नाही. निष्कर्ष देखणा आहे, पण प्रश्न अजूनही वेळेचाच होता.

न्यायाची चाहूल मात्र लागली होती. जॉन किंगमन यांनी १९६२ मध्ये दाखवले, की आलेल्या क्रमाने सेवा दिली तर थांबण्याच्या वेळांतली तफावत सर्वांत कमी राहते. ‘आधी येईल त्याला आधी’ या जुन्या शहाणपणाला गणिताचा आधार मिळाला. १९८७ मध्ये रिचर्ड लार्सन यांनी रांगेतल्या सामाजिक न्यायावर आणि मानसशास्त्रावर लिहिले. पण न्यायाला अजून माप नव्हते.

पिस्कॅटवेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या ‘रटकॉर’ या ऑपरेशन्स रिसर्च केंद्रात असताना अवि-इत्झाक यांनी हानोख लेव्ही आणि डेव्हिड राझ यांच्यासोबत ते माप बनवायला घेतले. २००४ च्या त्यांच्या मांडणीचे सूत्र साधे आहे. एका क्षणी रांगेत जितकी माणसे, तितके त्या क्षणाचे समान वाटे. हक्काचा वाटा आणि प्रत्यक्ष मिळालेली सेवा यांतला फरक म्हणजे त्या माणसाला मिळालेले झुकते माप किंवा सोसावा लागलेला तोटा.

किराणा दुकानात भरलेली ढकलगाडी घेऊन एक जण काउंटरवर पोचतो. त्याचे काम दहा मिनिटांचे. लगोलग मागे एक बाई, हातात दुधाची बाटली. काम एका मिनिटाचे. क्रमाने गेले तर पहिली दहा मिनिटे दोघांच्या वाट्याची, पाच-पाच. सगळी मिळाली त्याला. म्हणजे त्याचा फायदा पाच मिनिटांचा आणि बाईंचा तोटाही पाचाचा. बाईंना आधी सोडले, तर हाच अन्याय अर्ध्या मिनिटावर येतो. कामे सारख्या लांबीची असतील तेव्हा आलेल्यांचा क्रमच न्याय्य ठरतो. लांबीत फार फरक असेल, तर तोच क्रम अन्यायाचा होऊ शकतो.

पंढरपूरच्या मंदिराने हे सूत्राविना ओळखले आहे. मुखदर्शनाची रांग वेगळी, पदस्पर्शाची वेगळी. ज्याला लांबूनच विठोबा पाहायचा आहे, त्याने पदस्पर्शाच्या दर्शनबारीत का अडकावे?

तरी या मापाच्या पोटात एक गृहीतक आहे: प्रत्येकाचा प्रत्येक क्षणावर सारखा हक्क. दवाखान्याच्या अपघात विभागात ते लागू पडत नाही. तिथे छातीत कळ आलेल्या माणसाचा वाटा सर्दीवाल्याइतका धरणे हाच अन्याय. हक्क कोणाचा किती, हे गणित ठरवत नाही. ते समाजाने आधी ठरवायचे असते.

मग मापाचा उपयोग काय? पैसे भरून पुढे जाणाऱ्या खास रांगेमुळे मागच्यांचे किती गेले, हे आता मोजता येते. या हिशोबात सगळ्यांच्या नफ्या-तोट्याची बेरीज शून्य होते. एकाला मिळालेले झुकते माप कोणाच्या तरी हिश्श्यातूनच आलेले असते. रांग चालवणाऱ्याला ‘सरासरी वेळ कमी झाला’ एवढे सांगून सुटता येणार नाही. तो कोणाच्या वाट्यातून कमी झाला, हेही त्याला सांगावे लागेल.