एकटं चाक

बर्फ आम्ही अहेरीकर पाहतो तो फक्त गोळेवाल्याकडे. आणि मे महिन्यात तोही हाती पडेपर्यंत सरबत झालेला असतो. त्यामुळे ऑस्लोच्या भाच्यानं ‘‘मामा, जुन्या लाकडी स्की विकत घेतल्या’’ असं फोनवर सांगितलं, तेव्हा मी विचारलं, ‘‘घसरतोस का त्यांवर?’’

‘‘छे! हॉलमध्ये टांगल्यात.’’

कामाच्या होत्या तोवर बिचाऱ्यांना पाइनचं डांबर फासायचे. 1950 नंतर धातूच्या आल्या, मग फायबरग्लासच्या. लाकडी अडगळीत गेल्या आणि तिथं पुरेशी वर्षं काढल्यावर भाव खाऊन भिंतीवर चढल्या. माणसाचं असं का होत नाही, हा प्रश्न मला निवृत्तीपासून पडतो.

मग त्यानं आणखी एक हकिकत सांगितली. नॉर्वेतल्या डिगरवार्डेनच्या बर्फात 2014 साली एक स्की सापडली, सुमारे 1300 वर्षांपूर्वीची. जोडीची दुसरी सापडायला 2021 साल उजाडलं, आणि ती होती कुठं? पाच मीटरवर! दोन्ही झिजलेल्या, डागडुजी केलेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गोठ्यात वडिलांच्या गाडीचं एक चाक उभं आहे. एकच. लोखंडी धाव, तेलानं काळा पडलेला तुंबा आणि आलापल्लीच्या सागाचा एक आरा, जरा वाकडा. तो वडिलांनी स्वतः बसवला होता. दुसरं चाक? टायरची गाडी आली त्या पावसाळ्यात सरपण ओलं होतं. मीच कुऱ्हाड घेतली. धाव भंगारात गेली, लाकूड न्हाणीच्या बंबात. वडील ओसरीवरून बघत होते. आंघोळ करून आले आणि म्हणाले, ‘‘पाणी चांगलं तापलं.’’ बस्स, एवढंच. त्या वाक्याचा भाव मला अजून ठरवता आलेला नाही.

चाकाचा मात्र ठरला. मागच्या महिन्यात नागपूरचा एक हॉटेलवाला आला, चाकाभोवती दोनदा फिरला. ‘‘जोडी असती तर तिप्पट दिले असते, काका.’’ मी फोडलं तेव्हा ते सरपण होतं आणि आता मीच त्याची पुराणवस्तू म्हणून किंमत घ्यायची? आराही बसवला तो वडिलांनी. सौभाग्यवतींच्या मते हा विचार पैसे मोजून झाल्यावरही करता आला असता.

मी भाच्याला सगळं कबूल केलं. तो म्हणाला, ‘‘मामा, स्की या शब्दाचा मूळ अर्थच चिरलेलं लाकूड. इकडे सरपणाच्या फाट्यालाही तोच शब्द लावतात.’’ पोरगा गुणी आहे, पण त्यानं जाळलेलं चाक परत येत नाही.

हॉटेलवाल्याला मी नाही म्हटलं. रविवारी वाटीभर एरंडेल घेऊन गोठ्यात गेलो आणि तुंब्यात सोडलं. जुनं लाकूड, बघता बघता प्यायलं.

‘‘अहो,’’ दारातून आवाज आला, ‘‘आता ते कुठं निघालंय?’’