सारख्या ओळी, वेगळी कारणं

दोन प्रकल्पांना सारखाच कोड लागला की प्रोग्रामरपुढे दोन वाटा असतात: फाइल कॉपी करून दोन्हीकडे ठेवायची, किंवा एकच फाइल दोघांनी वापरायची. हा निर्णय बहुधा ओळी किती जुळतात यावरून होतो, आणि तिथेच घोळ होतो. पाहायला हवं ते हे, की उद्या कोड बदलावा लागला तर तो दोन्हीकडे एकाच कारणासाठी बदलावा लागेल का? तसं असेल तर फाइल एकच हवी. नसेल तर आज ओळी तंतोतंत जुळत असल्या तरी त्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. डेटा आकुंचित करणारी 'झेडलिब' लायब्ररी असंख्य प्रोग्रामांनी कॉपी करून घेतली होती. लिनक्सच्या कर्नेलमध्येही तिची वेगळी प्रत होती. २००२ मध्ये तिच्यात एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक सापडली. मूळ लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती लगेच आली; पण प्रती कुठे कुठे आहेत हे शोधणंच मोठं काम होऊन बसलं. याच्या उलट, ४ जून १९९६ रोजी 'एरियन ५' रॉकेट उड्डाणातच नष्ट झालं ते 'एरियन ४' चा कोड जसाच्या तसा वापरल्यामुळे. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती, आणि त्याची कमाल मर्यादा ३२,७६७. जुन्या रॉकेटच्या मार्गावर ती कधी ओलांडली गेली नव्हती. नव्या, अधिक वेगवान रॉकेटने ती चाळीस सेकंदांच्या आतच ओलांडली. ओळी त्याच होत्या, गृहीतकं बदलली होती.

सामायिक फाइलीत एकाने केलेला बदल दुसऱ्याचं काम बिघडवतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आवृत्त्या सांभाळणाऱ्या 'गिट' या साधनातलं सबमॉड्यूल, म्हणजे एका प्रकल्पात दुसरा जोडण्याची सोय, फाइलींची नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची ते नोंदवून ठेवतं. बदल कधी स्वीकारायचा ते प्रत्येक प्रकल्प ठरवतो. मग ही जुनी प्रतच नव्हे का? नाही. ती जुनी आहे हे इथे नोंदीवरून कळतं. दुसरा आक्षेप अवलंबित्वाचा: २०१६ मध्ये 'एनपीएम' या पॅकेजांच्या भांडारातून 'लेफ्ट-पॅड' हे अकरा ओळींचं पॅकेज काढलं गेलं आणि जगभर अनेकांचे बिल्ड अडले. म्हणून प्रत जवळ ठेवण्यात गैर नाही, पण तिचं मूळ विसरता कामा नये. 'एसक्यूलाइट' या डेटाबेसचा सारा कोड एकाच सी फाइलीत मिळतो, आणि त्याच फाइलीत आवृत्तीचा क्रमांकही असतो. अशी प्रत कुणीही घ्यावी. फाइल सामायिक करणं म्हणजे तिच्यातली पुढची प्रत्येक दुरुस्ती सामायिक करणं. ती जबाबदारी घ्यायची तयारी नसेल, तर टाइप करण्याचे वाचलेले श्रम फार महागात पडतात.