मधला पॅसेज

एखाद्या वास्तूत मुलखाची ओळख कोठे असते? छपराच्या आकारात, लाकडाच्या कामात, की तीत राहणाऱ्यांच्या वागण्यात? नॉर्वेच्या अगदी उत्तरेस काराशोक या गावी सामी लोकांच्या संसदेची इमारत २००० साली उघडली. तिचे सभागृह ‘लाव्वू’च्या, म्हणजे रेनडिअरांमागे फिरणाऱ्या सामींच्या तंबूच्या, आकाराचे आहे. आजचे बहुतेक सामी पक्क्या घरांत राहतात. पण ज्यांची भाषा एके काळी शाळेतून हद्दपार झाली होती, त्यांना आपले सभागृह आपल्यासारखे दिसावे असे वाटले, यात नवल ते काय?

हा प्रश्न मला खरा छळतो तो परळ-लालबागात. चाळी पडताहेत, मनोरे उठताहेत आणि ‘चाळसंस्कृती गेली’ असा उसासा दर दिवाळीला ऐकू येतो. उसासा टाकणारे बहुधा स्वतंत्र संडास असलेल्या घरात राहतात, हे जाता जाता नमूद करतो.

चाळ म्हटली की आपल्याला गिरगावातली लाकडी कठड्याची गॅलरी आठवते. पण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथल्या बी. डी. डी. चाळी पाहा. १९२० साली स्थापन झालेल्या सरकारी खात्याने त्या कामगारवर्गासाठी काँक्रीटच्या बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, चाळीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. गॅलरी नाहीच, समोरासमोरच्या खोल्यांमधून एक अंधारा पॅसेज. आरंभी तेथे राहायला माणसे मिळेनात; कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या. मुलखाची ओळख जपण्याचा विचार त्या आराखड्यात औषधालाही नव्हता. आणि तरी त्याच पॅसेजात पोरे अभ्यासाला बसली, कोकणातून आलेल्या पाहुण्याची वळकटी पसरली, फराळाची ताटे या दारातून त्या दारात गेली.

उलट, चार्ल्स कोरियांची १९८३ साली पुरी झालेली ‘कांचनजंगा’ घ्या. पश्चिमेचा वारा आत यावा पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा अडावा, म्हणून जुन्या बंगल्याचा व्हरांडा त्यांनी उंच इमारतीत नेला. मुंबईची हवा इतकी नेमकी ओळखणारे काम विरळा. पण तो व्हरांडा ज्याच्या त्याच्या घराचा. शेजारणीला तेथे वाट नाही.

चाळीतला शेजार कोणा वास्तुकाराने आखला नव्हता. तो अडचणीने घडवला. खोली अपुरी म्हणून दार उघडे, आणि दार उघडे म्हणून शेजारच्या आजोबांचा खोकला आज ऐकू आला नाही, हे ध्यानात येई. त्याच उघड्या दारातून मुलीला आलेले पत्रही चार घरांत पोहोचे!

मग तो शेजार टिकावा म्हणून अडचणही टिकावी, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या, मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जी बाई बाळंतपणानंतरही रात्री-अपरात्री पॅसेज ओलांडून संडासाला गेली, तिला ‘तुमची संस्कृती गेली हो’ असे सांगायला मी जाणार नाही. आता कडी आतून लावण्याचे सुख तिला पुरते भोगू द्यावे.

पण त्या कडीमुळे आजोबांचा खोकला ऐकू यायचा थांबला, हेही खरेच. म्हणून नव्या मनोऱ्याचे छप्पर कोणाच्या परंपरेतले, हे मी मागाहून पाहीन. लिफ्टसमोरची जागा किती रुंद आहे, तेथे उजेड येतो का, दोन म्हाताऱ्यांना बाकडे टाकता येते का, आणि टाकलेच तर सोसायटीची नोटीस किती दिवसांत येते, ते आधी पाहायचे आहे.