खालच्या सुराची सेवा

(शास्त्रवाचन : १ शमुवेल १७:३८-४०, १ इतिहास १५:१६-२४)



गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भिलाईतील आमच्या मंडळीतला एक तरुण माझ्याकडे आला. त्याचे वडील पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. सेक्टरमधले घर सुटले आणि आता कुटुंब सुपेल्याकडे भाड्याने राहते. मुलगा आठवडाभर एका दुकानात काम करतो, आणि लग्नसराईत व सणासुदीला दुर्ग, राजनांदगाव, रायपूर येथील ऑर्केस्ट्रांत बेस गिटार वाजवतो. रविवारी सकाळी तेच वाद्य घेऊन तो उपासनेत गीतमंडळाच्या मागे उभा राहतो. त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. तो पतपेढीच्या कर्जाचा अर्ज होता. पाच तारांची नवी बेस गिटार व तिच्यासाठी मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावयाचा होता, आणि जामीन म्हणून त्याला माझी सही हवी होती.

खरे सांगावयाचे तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा प्रश्न पाळकाचा नव्हे. वाद्य कोणते घ्यावे हे वाजवणाऱ्याने आणि दुकानदाराने ठरवावे. परंतु त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला तसे बोलवेना. "बाळा, दोन आठवडे हा कागद माझ्याजवळ राहू दे," एवढेच मी म्हणालो. तो गेल्यावर मला माझीच एक जुनी चूक आठवली. ती तुमच्यापुढे मांडल्यावाचून पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

चार वर्षांपूर्वीची नाताळची उपासना होती. आमचे मंदिर लहान, भिंती सिमेंटच्या. गर्दी फार झाल्यामुळे या मुलाला आपला बॉक्स अगदी कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवावा लागला. पहिल्याच गीताला खिडक्यांची तावदाने थरथरू लागली. पुढच्या बाकावरील एक वृद्ध भगिनी कानांवर हात ठेवून माझ्याकडे पाहू लागल्या. मी व्यासपीठावरून खाली उतरलो आणि सर्वांदेखत म्हणालो, "ते वरातीचे वाद्य बंद कर." त्याने एक शब्दही न बोलता बटण बंद केले, वायर गुंडाळली, गिटार पिशवीत घातली आणि तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पुढची गीते आम्ही पेटी व साध्या गिटारीवर म्हटली. तिसऱ्या कडव्यापर्यंत पुरुष एकीकडे आणि स्त्रिया दुसरीकडे गेल्या; लय धावू लागली. काय बिघडले हे मला उमगेना. उपासना संपल्यावर दाराशी हस्तांदोलन करताना त्याच वृद्ध भगिनी म्हणाल्या, "पाद्रीसाहेब, आवाज जास्त होता हे खरं. पण तो गेल्यावर गाण्याला पाय टेकायला जागाच उरली नाही हो."

प्रियांनो, दोष वाद्याचा नव्हता, जागेचा होता. कोपऱ्यात ठेवलेला बॉक्स दोन भिंती व जमीन यांच्या योगाने खालचे सूर फुगवतो. तो पुढे ओढून कोपऱ्यापासून दूर ठेवला असता तर पुष्कळसा गडगडाट तेथेच निवळला असता. हे त्या मुलाला ठाऊक होते. मी त्याला विचारलेच नाही. ज्याला अधिकार आहे तो विचारण्याऐवजी गप्प बसवतो, कारण त्यात वेळ कमी लागतो.

आणि "वरातीचे वाद्य" हे शब्द! आपल्या मराठी उपासनेत भजन आणि कीर्तन आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना पहिल्यांदा नवा करार मिळाला तो १८९३ साली, आमच्या शेजारच्या राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत. त्यांच्या काळीही मृदंग आणि टाळ मंदिरात कसे चालतील, असे विचारणारे होतेच. आज मृदंगावाचून आपले भजन होत नाही. त्या मृदंगाच्या डाव्या पुडीवर कणीक थापतात ती कशासाठी? खालचा, भरदार सूर मिळावा म्हणूनच ना? तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची असते ती कशासाठी? बेस गिटार अमेरिकेत जन्मली हे खरे. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि माणसाएवढ्या उंच डबल बेसचे काम खांद्याला अडकवता येईल अशा वाद्यावर होऊ लागले. परंतु ती जे काम करते ते आपल्याला परके नाही. (या फेंडर गृहस्थांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणाऱ्यांचे ऐकून घेऊन त्यांनी वाद्य घडवले, आणि मी मात्र न ऐकताच ते बंद करविले.)

आता शास्त्राकडे वळू. दावीद गल्याथाशी लढावयास निघाला तेव्हा शौलाने त्याला आपले चिलखत घातले, डोक्यावर पितळी टोप चढवला. शौल इस्राएलात सर्वांहून खांद्यापासून वर उंच होता हे आपण नवव्या अध्यायात वाचतो. त्याचे चिलखत वाईट नव्हते. देशात त्याहून चांगले क्वचितच असेल. दाविदाने ते अंगावर घालून चालून पाहिले आणि मग उतरवून ठेवले. कारण काय दिले? मला याचा सराव नाही, एवढेच. पण आपण येथेच थांबतो आणि पुढचे वचन घाईने वाचतो. दावीद ओढ्यावर गेला आणि त्याने गोटे निवडले. हाताला लागतील ते उचलले नाहीत. गुळगुळीत पाहून पाच घेतले. चिलखत नाकारणारा हा तरुण साधनांविषयी बेफिकीर नव्हता. गोफणीतून कोणता दगड सरळ जातो हे त्याला मेंढरांमागे हिंडून कळले होते.

हे वाचल्यावर मी ठरवले की सही करण्यापूर्वी या मुलाचा ओढा आपण स्वतः पाहावा. पुढच्याच शनिवारी दुर्गला एका लग्नात त्याचा प्रोग्रॅम होता. मी गेलो. पाळकाला मंडपात पाहून वादकांची थोडी तारांबळ उडाली, ती असो. ख्रिस्ती मुलाने लग्नात वाजवावे काय, असे मंडळीतील काही जण विचारतात. पौल तंबू शिवून पोट भरत असे, आणि त्याचे तंबू कोणी विकत घेतले याचा हिशोब प्रेषितांच्या कृत्यांत दिलेला नाही. प्रभूही काना गावी लग्नाला गेला होता. जेथे दारू व अभद्र गाणी यांखेरीज काहीच नसते अशी आमंत्रणे हा मुलगा आपण होऊन नाकारतो, हे मला त्या रात्री त्याच्या सोबत्यांकडून कळले. त्याने स्वतः कधी सांगितले नव्हते.

तेथे मी जे पाहिले ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आज तरुण हे वाद्य वाजवतात आणि त्यांच्या आईवडिलांना त्यातले काही कळत नाही. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा सूर आपला कान उंच सुराइतक्या सहजतेने ऐकत नाही. म्हणून साध्या गिटारीच्या बरोबरीने ऐकू येण्यास बेसला कितीतरी पट अधिक शक्ती लागते. तरुणांना मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचा मोह होतो तो यामुळे, आणि त्यात तथ्य आहे. परंतु त्या मंडपात साउंडवाल्याने बेसची वायर एका लहानशा डबीतून सरळ आपल्या मिक्सरमध्ये घेतली. आवाज त्याच्या बॉक्समधून निघत होता. मुलाच्या स्वतःच्या बॉक्सचे काम फक्त त्याला स्वतःला ऐकू यावे एवढेच होते. पाचवी तार तर सेकंदाला सुमारे ३१ कंपनांपर्यंत खाली जाते, आणि तो सूर नीट उमटवील असा बॉक्स त्या मंडपातही नव्हता आणि आमच्या मंदिरातही नाही. शिवाय चार तासांचा प्रोग्रॅम संपल्यावर रात्री दीड वाजता सर्व सामान रिक्षात कोंबून तो सुपेल्याला परतला. मोठा अ‍ॅम्प्लिफायर त्या रिक्षात मावला नसता.

आणखी एक गोष्ट. जनरेटरवर अर्थिंग नीट नव्हते आणि बॉक्समधून सारखा गुणगुणाट येत होता. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला निघणारा सूर सुमारे ४९ कंपनांचा. म्हणजे हा खोटा सूर खऱ्या सुराच्या इतका शेजारी बसतो की गर्दीत कोणाला कळतही नाही. गाणे मात्र मळकट होते. वाद्यांतून स्पष्ट, वेगळा सूर निघाला नाही तर वाजवले काय ते कोण ओळखील, असे पौल करिंथकरांना विचारतो. मुलाची जुनी वायर तुटकी होती, गिटारीची मान पावसाळी दमटपणाने वाकली होती आणि खांद्याचा पट्टा दोरीसारखा बारीक. चार किलोंचे वजन त्यावर चार तास! त्याच्या खांद्यावरचा वळ मी पाहिला. त्याची गरज कोठे होती हे त्या वळावरून दिसत होते.

परतताना मी त्याला विचारले, "मग पाच तारांची कशाला हवी?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रायपूरच्या बँडमधल्या दादाकडे आहे. आणि साहेब, चारच्या गिटारीकडे कोणी बघत नाही. मी वाजवतो की नाही हेच कोणाला माहीत नसतं. तुम्ही त्या दिवशी बंद करायला सांगितलंत, तेव्हाच सगळ्यांनी मला पहिल्यांदा बघितलं."

मी त्यावर काय बोलणार? पुढील काही दिवस मी पहिल्या इतिहासाचा पंधरावा अध्याय पुन:पुन्हा वाचला. तेथे दावीद कराराचा कोश यरुशलेमेस आणतो आणि लेव्यांना वाद्ये नेमून देतो. काहींना अलामोथ सुरावर, तर सहा जणांना शमीनीथ सुरावर. शमीनीथ म्हणजे आठवा. पुष्कळ भाष्यकारांच्या मते हा खालच्या सप्तकाचा सूर. काही जण आठ तारांचे वाद्य असाही अर्थ करतात. पहिला अर्थ धरला तर देवाच्या वचनात खालचा सूर वाजवणाऱ्या सहा जणांची नावे एकामागून एक लिहिलेली आहेत. त्यांत एक ओबेद-अदोम आहे. उज्जाच्या मृत्यूनंतर कोशाजवळ जाण्यास सारे भ्याले, तेव्हा तीन महिने तो ज्याच्या घरी राहिला त्याचेही नाव ओबेद-अदोमच. हे दोघे एकच की निरनिराळे, यावर पंडितांचे एकमत नाही. मला मात्र ते एकच वाटतात. ज्याच्या घराने तीन महिने न गाजावाजा करता ते ओझे वाहिले, त्याला मिरवणुकीत खालचा सूर द्यावा, यात मला दाविदाची पारख दिसते. त्याच अध्यायात तो कोशाचा द्वारपाळ म्हणूनही येतो.

मनुष्यांच्या वह्यांत अशी नावे फार उशिरा चढतात. जेम्स जेमरसन (१९३६-१९८३) यांनी डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गीतांत बेस वाजवला. मुख्यतः १९६२ सालची प्रिसिजन बेस, क्वचितच बदललेल्या तारा आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी, एवढे त्यांचे भांडवल. १९६० च्या दशकात त्या तबकड्यांच्या वेष्टनांवर वादकांची नावे नसत. त्यांचे नाव पहिल्यांदा ठळकपणे छापले गेले ते १९७१ साली मार्विन गे यांच्या तबकडीवर. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या गीतांत बेस वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव किती श्रोत्यांना ठाऊक आहे? गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून मुंबईच्या स्टुडिओत गेलेले कितीतरी वादक तसेच राहिले. आणि आम्हा भिलाईकरांना तर हे वेगळे सांगावयास नको. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून या गावाने देशाला रूळ दिले. प्रवासी खिडकीतून शेते पाहतो, नदी पाहतो. या मुलाच्या वडिलांनी आयुष्यभर तेच रूळ लाटले.

ओबेद-अदोमाची गोष्ट मी मुलाला सांगितली खरी. पण कोणी पाहत नसेल तरी समाधानी राहा, असे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. ज्याने त्याला चारचौघांत खाली पाहावयास लावले त्याने ते बोलू नये. म्हणून पुढच्या रविवारी, उपदेशापूर्वी, मी मंडळीपुढे ती नाताळची गोष्ट काढली आणि त्याचे नाव घेऊन त्याची क्षमा मागितली. तो गिटारीच्या मानेकडे पाहत राहिला.

अर्जाचा कागद त्याने परत नेला. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज करणाऱ्या मनुष्याविषयी प्रभूने सांगितले आहे, ते आम्ही दोघांनी मिळून वाचले. अरवनाच्या खळ्यावर दाविदाने फुकटचे अर्पण करण्यास नकार दिला, तेही वाचले. कारण मंदिरासाठी काहीही चालते, असे म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. आठ दिवसांनी तो नवा हिशोब घेऊन आला. जुन्याच गिटारीची मान कारागिराकडून सरळ करून घेणे, नव्या तारा, दोन चांगल्या वायरी, मिक्सरसाठी ती लहान डबी, रुंद पट्टा आणि एका हाताने उचलता येईल असा अ‍ॅम्प्लिफायर. रक्कम पहिलीच्या पाचव्या हिश्शाहून कमी होती. मी सही केली. मंदिराचे अर्थिंग मंडळीच्या खर्चाने दुरुस्त करावे, असा ठराव पंचांच्या सभेत मांडला. एका बंधूंनी हरकत घेतली, तरी तो संमत झाला.

गेल्या रविवारी तो नेहमीपेक्षा लवकर आला होता. बॉक्स कोपऱ्यात होता, तो त्याने उचलून पुढे, वेदीच्या बाजूला आणून ठेवला. त्या वृद्ध भगिनी आपल्या बाकावर बसल्या होत्या. त्याने एक तार छेडली आणि त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी हाताने खूण केली : अजून थोडा.