अंगठा

आमच्या घरात ‘अंगठा’ हा शब्द अजून जपून उच्चारतात. मोखाड्याकडच्या आमच्या वरकस जमिनीचा एक तुकडा आजोबांच्या अंगठ्याने गेला. लग्नासाठी भात आणि थोडे रुपये उचल म्हणून घेतले होते. सावकाराने वही पुढे केली, शाई लावली, अंगठा उठला. वर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. अजाणता केलेली कृती माणसाला किती बांधते, हा प्रश्न मला तिथूनच मिळाला. गेल्या दिवाळीत तो पुन्हा समोर आला, मोबाइलच्या पडद्यावर.

भाचा जव्हारला आला होता. परदेशातल्या एका माणसासाठी तो चित्रांचं काम करतो आणि त्याची मजुरी क्रिप्टोत येते. “मावशी, यात बँक नाही. चावी आपल्याच हातात,” तो म्हणाला. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे; म्हटलं, आधी माझ्या फोनवर करून दाखव.

क्रिप्टो ठेवायच्या ॲपची लिंक व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवली होती. ती सोडून आम्ही बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरून गेलो. ॲपने बारा इंग्रजी शब्द दिले. 2048 शब्दांची एक ठरलेली यादी असते, तिच्यातले हे बारा, ठरलेल्या क्रमाने. ज्याच्याकडे हे शब्द, त्याचा पैसा. भाचा फोटो काढायला निघाला, मी त्याचा हात धरला. फोनमधला फोटो कुठे कुठे जाऊन बसतो ते आपल्याला कळतही नाही. पेन्सिलने, आकडे घालून, दोन कागदांवर लिहिले आणि दोन कागद दोन जागी ठेवले. मग दोनशे रुपयांइतकीच रक्कम त्यात घेतली, ॲप पुसून टाकलं, नव्याने उतरवलं आणि कागदावरचे शब्द भरले. रक्कम जशीच्या तशी परत दिसली.

आई बाजूला नागली पाखडत होती. “फोनातून पुसलंस, तरी आलं? मग ते होतं कुणाच्या कणगीत?”

तिचा प्रश्न अचूक होता. पैसा फोनात नसतोच. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच वही असते, त्यात नोंद असते. फोनात असते ती फक्त त्या नोंदीवर सही करण्याची चावी. वही कुणालाही वाचता येते, मागची ओळ कुणाला खोडता येत नाही. हे ऐकताना मला आजोबा आठवले. सावकाराची वही सावकारच लिही, सावकारच वाची, फेडलेलं धान्य त्यात चढलं की नाही हे तोच सांगे. 1945 मध्ये तलासरीजवळ झरीला वारली आदिवासी जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले, तेव्हा त्या रागात अशा वह्यांचाही राग होता असं मी मानते. उघडी, न खोडता येणारी वही आजोबांना हवीच होती.

पण दुसऱ्या दिवशी भाच्याने त्याच्या मित्राचं सांगितलं. कुठल्याशा साइटवर बक्षिसाची चौकट आली, त्याने न वाचता ‘मंजूर’ दाबलं आणि होतं नव्हतं ते सगळं गेलं. तक्रार नोंदवता येते, पण ती ओळ मागे घेणारं कुणी नाही. मी बराच वेळ गप्प बसले. कोऱ्या कागदावरचा अंगठाच तो.

आमच्याकडे वाघदेवाच्या जागेत कुणाचा चुकून पाय पडला तर भगत नारळ, कोंबडा मागतो आणि देवापुढे सांगतो, लेकराकडून अजाणता झालं. देव ऐकतो. कायद्यानेही कधी ऐकलं आहे. आदिवासींच्या जमिनी परत देणारा 1974 चा कायदा 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींसाठी होता. कागदावर अंगठा असूनही त्याने त्यामागचा अन्याय पाहिला. आमचा कागद त्याआधीचा, म्हणून आम्ही बाहेर राहिलो. तरी दार होतं, हे मी विसरत नाही. या नव्या वहीत चावी खरी की खोटी एवढंच तपासलं जातं. चावी धरणाऱ्याला कळलं होतं का, हे विचारायची जागाच नाही. जी वही सावकाराला खोटं लिहू देत नाही, तीच फसलेल्याचं ऐकूनही घेत नाही. तिचा हा गुण आणि हा दोष मला एकमेकांपासून वेगळा काढता येत नाही, आणि जिथे क्षमा नाही तिथे नुसत्या सचोटीला न्याय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मग दया कुठून यायची? सहीच्या आधी, माणसाकडून. आजोबांना कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. म्हणून मी भाच्याला सांगितलं आहे, तुझे बारा शब्द मलाही सांगू नकोस, पण नवी चौकट आली की फोन कर, आपण मिळून वाचू. पैसे ज्या पत्त्यावर जायचे त्याची पहिली आणि शेवटची अक्षरं तो मोठ्याने म्हणतो, मी कागदावर ताडून बघते. जव्हारच्या पावसात रेंज जाते, तेव्हा व्यवहार थांबतो.

माझ्या फोनमध्ये पैसे पाठवताना बोटाचा ठसा मागण्याची सोय होती. ती मी बंद केली आणि आकड्यांचा पिन ठेवला. आकडे दाबायला वेळ लागतो, तेवढ्यात वरचा मजकूर आणखी एकदा वाचून होतो.